दोन रेषांची गल्लत

लडाखविषयीच्या बातम्यांत 'नियंत्रण रेषा' आणि 'प्रत्यक्ष नियंत्रण रेषा' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. एका शब्दाचा तर फरक, असे वाटेल. पण तो फार मोठा आहे. पाकिस्तानलगतची नियंत्रण रेषा सिमला करारानंतर १९७२ मध्ये दोन्ही सैन्यांच्या अधिकाऱ्यांनी नकाशांवर आखून त्यावर सह्या केल्या. ती मान्य नसलेलेही ती कुठे आहे हे सांगू शकतात (अपवाद ही आखणी जिथे संपते त्या एनजे ९८४२ या बिंदूपलीकडच्या सियाचीनचा, आणि तिथेच १९८४ पासून सैन्य बसून आहे).

चीनलगतच्या प्रत्यक्ष नियंत्रण रेषेचे तसे नाही. १९९३ च्या करारात तिचा उल्लेख आला, पण ती नेमकी कुठून जाते यावर एकमत झालेच नाही. भारत तिची लांबी ३,४८८ किलोमीटर मानतो, चीन सुमारे २,००० च सांगतो! नकाशांची देवाणघेवाण झाली ती फक्त मधल्या (हिमाचल-उत्तराखंडच्या) टप्प्याची, २००० मध्ये. पश्चिम, म्हणजे लडाखच्या टप्प्याचे घोडे तिथेच अडले. त्यामुळे दोन्हीकडची गस्तीपथके आपापल्या समजुतीच्या रेषेपर्यंत जातात आणि समोरासमोर येतात. जून २०२० मध्ये गलवानमध्ये आपले २० जवान गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये देपसांग व डेमचोकच्या गस्तीबाबत समझोता झाला, तोही गस्तीपुरता. रेषा अजून आखलेली नाही.

तेव्हा 'चीनने रेषा ओलांडली' असा मथळा देताना कोणाच्या मते कुठली रेषा, एवढे तरी बातमीत यावे.

– एक निवृत्त भूगोल शिक्षक, सातारा