ताईच्या रिपोर्टमधली ती एक ओळ

प्रिय सतीश,
सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू ताईच्या जिभेच्या कॅन्सरच्या रिपोर्टमधली ती ओळ वाचून दाखवलीस, गाठीच्या कडेला लिम्फोसाइट्सची दाट गर्दी असल्याची. मी घाईत ‘चांगलं आहे’ म्हणून मोकळा झालो. फोन ठेवल्यावर चैन पडेना. तू त्या दोन शब्दांवर रात्रभर आशा बांधून बसला असशील, म्हणून नीट लिहितो.

आम्ही गाठीचा पातळ काप काचेवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो तेव्हा कॅन्सरच्या पेशी मोठ्या, वेड्यावाकड्या दिसतात. लिम्फोसाइट मात्र शाईचा बारीक गोल ठिपका पडावा तशी. ही पांढरी पेशी, शरीराच्या पहाऱ्यावरची. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ व्हिर्को यांनी १८६३ मध्येच गाठींमध्ये पांढऱ्या पेशी असतात हे नोंदवलं होतं. पण त्या तिथे करतात काय, हे कळायला शंभरहून जास्त वर्षं गेली.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये आम्ही मुख्यतः कड पाहतो, म्हणजे गाठ जिथे निरोगी मांसात शिरते ती सीमा. तिथे या पेशींची सलग दाट पट्टी असेल तर प्रतिकार जोरात चाललाय असं समजायचं; तुरळक असतील किंवा नसतीलच तर गाठीला रान मोकळं. २००५ मध्ये ब्रँडवाइन-गेन्सलर आणि सहकाऱ्यांनी धोका मोजण्याची जी पद्धत मांडली, तिच्या तीन खांबांपैकी एक हाच होता. दुसरे दोन म्हणजे गाठ कशी पसरते आणि ती मज्जातंतूंना धरते का. मला ही पद्धत आवडते, कारण तिला साधा सूक्ष्मदर्शक आणि शांतपणे पाहणारा माणूस पुरतो.

पण सतीश, सगळे ठिपके सारखे नसतात. साध्या रंगात ते जुळ्या भावांसारखे दिसतात, ओळख पटवायला वेगळे रंग लागतात. टी-पेशी हा लिम्फोसाइट्सचाच एक प्रकार. त्यांतल्या सीडी-८ खूण असलेल्या पेशी कॅन्सरच्या पेशीला गाठून मारतात. त्या भरपूर असलेले रुग्ण सरासरीने जास्त जगतात, असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. उलट मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी; त्यांतल्या सीडी-१६३ खूण असलेल्या वाढल्या तर निकाल बिघडतो. त्या शरीराच्याच, पण गाठीच्या बाजूने झुकलेल्या. हे पहिल्यांदा काचेवर पाहिलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं. रेग्युलेटरी टी-पेशींबद्दल मात्र अभ्यासांचं एकमत नाही. त्या प्रतिकार आवरतात, म्हणून जास्त असणं वाईट असं वाटेल, पण डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये काही ठिकाणी उलटच दिसलं.

शिवाय गर्दी आहे म्हणून लढाई चालूच आहे असंही नाही. टी-पेशीवर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो आणि गाठ तो दाबून ठेवू शकते. या ब्रेकवरच्या कामासाठी जपानी शास्त्रज्ञ तासुकु होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. तो ब्रेक सोडवणारी औषधं आज परत उलटलेल्या कॅन्सरमध्ये वापरतात. सगळ्यांना लागू पडत नाहीत, पण ज्यांना पडतात त्यांच्यातल्या काहींना वर्षानुवर्षं पडतात.

नेटवर वाचशील तेव्हा एक सांभाळ. घशाच्या मागच्या भागातला, एचपीव्ही विषाणूमुळे होणारा कॅन्सर वेगळा. त्यात टी-पेशी बहुधा जास्त आणि निकालही चांगले. ताईचा जिभेचा आहे. ते आकडे तिला लावू नकोस.

आणि ती ओळ एकटी घेऊन बसू नकोस. सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर आधी पाहतील ते कापलेली कड साफ आहे का, गाठ किती मिलिमीटर खोल गेली, मानेतल्या लसिकाग्रंथींत पोचली का, आणि पोचली असेल तर ग्रंथीचं आवरण फोडून बाहेर आली का. पुढे शेक द्यायचे की नाही, ते यावर ठरतं. लिम्फोसाइट्सची गर्दी पाहून कोणी रेडिएशन टाळणार नाही, टाळूही नये. शेकडो रुग्णांच्या हिशेबात ती ओळ बोलते, एकट्या ताईचं काय होईल ते सांगत नाही. तरीही तिच्या रिपोर्टमध्ये ती आहे याचा मला आनंद आहे, आणि काल ‘चांगलं’ म्हणालो ते यामुळेच.

रिपोर्टच्या सगळ्या पानांचे फोटो पाठव, शेवटचं पान नक्की. खोलीचा आकडा आणि ग्रंथींची संख्या मला स्वतः बघायची आहे. ताईला अजून गिळताना दुखतं का, बोलणं किती स्पष्ट झालंय, तेही कळव. तिला माझा नमस्कार.

तुझा,
मोहन