पावसात धावत्या गाडीचे चारही इंडिकेटर कशासाठी?

संपादक महोदय,
सा. न. वि. वि.

कामानिमित्त दर आठवड्याला मी द्रुतगती मार्गाने चिंचवडहून पनवेलला मोटार चालवत जाते. पावसाचा जोर वाढला किंवा खंडाळ्याच्या घाटात धुके उतरले, की पुढच्या बहुतेक गाड्यांचे चारही इंडिकेटर एकदम लुकलुकू लागतात. अमृतांजन पुलापाशी तर (पूल २०२० मध्येच पाडला, जागेचे नाव मात्र टिकून आहे) गाडी कोणती आणि वळणाची कड कोणती, हेच त्या लखलखाटात उमगत नाही. चालकांना हा सावधपणा वाटत असावा. परिणाम नेमका उलटा होतो.

ही खूण रस्त्यात बंद पडलेल्या वा अडथळा होऊन उभ्या राहिलेल्या गाडीने करायची असते. धावत्या गाड्याही तीच करू लागल्या, तर खरोखर बंद पडलेला ट्रक त्यांच्यातून ओळखायचा कसा? शिवाय हे दिवे चालू असताना बहुतेक गाड्यांत वळण्याचा इशारा देता येत नाही; आणि शेजारच्या लेनमधून ज्याला गाडीची एकच बाजू दिसते, तो ती आपल्याकडेच वळत आहे असे समजून ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबतो.

इतरांना दिसण्यासाठी हेडलाइट लावून ते डिपरवर ठेवावेत. येथे नव्या गाड्यांच्या मालकांची एक फसगत होते : दिवसा पुढे आपोआप उजळणारी पांढरी पट्टी पाहून दिवे लागलेच आहेत असे ते धरून चालतात, पण अनेक गाड्यांत तेव्हा मागचे लाल दिवे बंदच असतात.

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला कोरड्याच्या जवळपास दुप्पट अंतर लागू शकते. त्यामुळे पुढच्या गाडीपासून चार सेकंदांचे, म्हणजे ६५ मीटरांहून अधिक अंतर राखणे ही अतिशयोक्ती नव्हे. टायरच्या खाचांची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर असली, तरी त्या मर्यादेवर आलेले टायर घेऊन पावसाळ्यात घाट उतरण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

द्रुतगती मार्गावरील इलेक्ट्रॉनिक फलकांवर 'वेग कमी करा' असे नुसते झळकवण्याऐवजी, पावसाळाभर 'धावत्या गाडीचे चारही इंडिकेटर बंद ठेवा, हेडलाइट लावा' एवढे लिहावे आणि हाच प्रश्न शिकाऊ परवान्याच्या चाचणीतही आवर्जून विचारावा, अशी संबंधितांना विनंती आहे.

– एक नियमित प्रवासी, चिंचवड