काचेचं सूत

येना, जर्मनी
१६ नोव्हेंबर

ती. अप्पा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

फोन रोजच होतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. खरं फोनवर अप्पा दोनदा "बरं, बरं" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. पत्राचं तसं करता येत नाही. मुद्दाम जाड पेनानं, मोठं अक्षर काढून लिहिते आहे. अप्पा, महेशला वाचायला लावू नका. आधी तुम्ही स्वतः वाचून बघा. नाही जमलं तर त्याचंही पुढे लिहिलंय.

मी मजेत आहे. दोन वेळचं जेवण गरम असतं, ताप-खोकला काही नाही. दिवाळीचा चिवडा अजून वाटीभर शिल्लक आहे, रोज मूठभरच काढते म्हणून पुरतो. आज्जीला सांगा, अंगात दोन-दोन स्वेटर असतात.

आणि आई, त्या दिवशी व्हिडिओवर माझी खिडकी सताड उघडी बघून तू ओरडलीस, त्याचं एकदा नीट सांगते. याला इथं 'ल्युफ्टन' म्हणतात, म्हणजे घराला वारा देणं. बाहेर पाणी गोठलेलं असलं तरी सकाळी आणि संध्याकाळी खिडक्या पूर्ण उघडायच्या, पाच ते दहा मिनिटं. आधी हीटर बंद करायचा. मग खिडकीची मूठ आडवी फिरवायची, की ती दारासारखी आत उघडते. मूठ अजून वर फिरवली तर खिडकी नुसती वरच्या अंगाला कलते, ते चालत नाही, कारण त्यानं हवा बदलत नाही आणि भिंत मात्र गार पडते. जमलं तर समोरासमोरच्या दोन खिडक्या एकदम उघडायच्या, म्हणजे वारा आरपार जातो. मग सगळं बंद करून हीटर परत लावायचा. माझ्या भाड्याच्या करारात हे एक अख्खं कलम आहे आणि त्याखाली माझी सही आहे. कारण असं की इथली घरं इतकी घट्ट बंद असतात की श्वासाची, भाताच्या वाफेची, आंघोळीची ओल बाहेर जायला फटच नसते. ती गार कोपऱ्यात जाऊन बसते आणि भिंतीला बुरशी धरते. पहिल्या हिवाळ्यात मी थंडीला भिऊन खिडकी उघडलीच नाही, तर कपाटामागं काळे ठिपके आले. घरमालकीण बघायला आली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. ती बाई काही बोलली नाही. दोन फडकी आणली, एक माझ्या हातात दिलं, आम्ही दोघींनी गुडघ्यांवर बसून भिंत पुसली. मग तिनं मला खिडकीची मूठ फिरवून दाखवली, लहान मुलाला दाखवतात तशी. आज्जी विचारते ना, तिकडची माणसं कोरडी असतात काय म्हणून, तिला हे सांगा. आपल्याकडं पावसाळ्यात मागच्या खोलीची भिंत ओल धरते तेव्हा आपण दसऱ्यानंतरच्या उन्हाची वाट बघतो. इथं ऊन कुठलं? आता साडेचारलाच अंधार पडतो, म्हणून वाऱ्यावर भागवायचं. तर मी आजारी पडणार नाही. खिडकी उघडली नाही तर मात्र पडेन.

दिवसभर माझं कामही ओलीशीच असतं. अप्पा, तुम्ही विचारलं होतं, काचेचं सूत, म्हणजे हे ऑप्टिकल फायबर, काढतात तरी कसं. फोनवर ते राहूनच गेलं.

काचेची एक जाड कांडी असते, साधारण मनगटाएवढी. ती उंच मनोऱ्याच्या माथ्यावर भट्टीत उभी टांगतात. भट्टी दोन हजार अंशांच्या आसपास. खालचं टोक मऊ पडतं, थेंब धरतं, आणि तो थेंब स्वतःच्या वजनानं खाली येताना मागं तार सोडत येतो. चमच्यावरून काकवी सोडल्यावर येते तशी. थेंब तोडायचा, तारेचं टोक खालच्या चाकाला लावायचं, की पुढं कांडी संपेपर्यंत सूत ओढत राहतं आणि रिळावर बसत जातं. जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्याच्या पोटात नऊएक मायक्रॉनचा गाभा असतो, त्यात जर्मेनियम नावाचा पदार्थ थोडासा मिसळलेला असतो. त्यामुळं गाभ्यात प्रकाश बाहेरच्या काचेपेक्षा जरासा सावकाश चालतो, आणि अगदी तिरका काठावर गेला की बाहेर न पडता आत परत फिरतो. असा फिरत फिरत तो सुताबरोबर जातो, सूत वळेल तिकडं वळतो.

पहिल्या महिन्यात माझ्या हातून एक रीळ वाया गेलं. भट्टीतून आलेल्या उघड्या सुताला मी नुसतं बोट लावलं. दिसायला काही झालं नव्हतं, पण नंतर गुंडाळताना नेमकं तिथंच तुटलं. काचेचं ताजं सूत फार बळकट असतं, खरं बोटानं न दिसणारा ओरखडा पडला तरी तिथून तडा चालू होतो. म्हणून ते कशालाही टेकायच्या आत, पडता पडताच त्यावर ॲक्रिलिकचा पातळ थर चढवतात. आपण ताण्याला खळ देतो तसंच. मी हे इथल्या मुख्य बाईंना सांगितलं, वडगावात आमच्या घरी माग आहेत आणि ताण्याला तांदळाची खळ द्यायचे दिवस आज्जीनं पाहिलेत म्हणून. त्यांनी मला फळ्यावर खळीचं चित्र काढायला लावलं.

आई, हाताला काच लागत नाही. चष्मा असतो, तुकडे चिकटपट्टीनं उचलून वेगळ्या डब्यात टाकायचे असतात, आणि त्या टेबलावर खाणंपिणं आणायला बंदी आहे.

आता त्या ओलीचं. आपल्या हॉलमधल्या कपाटाची काच समोरून स्वच्छ दिसते ना? तीच काठाकडून बघा, हिरवी दिसेल. तो हिरवा रंग काचेतल्या लोखंडाचा. पूर्वीच्या चांगल्या काचेतही एवढा मळ असायचा की वीस मीटर जाईस्तोवर प्रकाशाच्या शंभर भागांतला एखादाच उरायचा. आपल्या गल्लीच्या अर्ध्यातही पोचला नसता. १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी मांडलं की हा दोष काचेचा नाही, तिच्यातल्या मळाचा आहे, आणि किलोमीटरभर गेल्यावर शंभरातला एक भाग उरला तरी बोलणं पाठवता येईल. चारच वर्षांत, १९७० साली, अमेरिकेत तशी काच निघाली. काव यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. आजचं सूत असं आहे की बेळगावातून सोडलेला प्रकाश पंधरा किलोमीटरवर निम्मा असतो आणि खानापुरात पोचतो तेव्हाही शंभरातले तीस भाग शिल्लक असतात. पंचवीस-सव्वीस किलोमीटर जाडीची काच, आणि पलीकडचं दिसतंय! मला अजूनही हे लिहिताना अंगावर काटा येतो.

लोखंड गेलं, तांबं गेलं, तरी शेवटी राहते ती ओल. काचेत दहा लाखांत एक भाग ओल उरली तरी १३८३ नॅनोमीटरचा प्रकाश, जो आपल्या डोळ्यांना दिसतही नाही, किलोमीटरभरात ती पिऊन टाकते. म्हणून कांडी तयार होतानाच क्लोरीन वायू सोडून ती सुकवतात. माझं काम ते मोजायचं, किती ओल राहिली. तुमच्याशी बोलते ते याच सुतातून. काचेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. तेव्हा तसं बघितलं तर मी फार लांब नाही.

अप्पा, एका माणसाचं तुम्हाला सांगायचंच होतं. हे गाव काचेचं आहे. कार्ल झाइस यांनी १८४६ मध्ये इथं सूक्ष्मदर्शकांचा छोटा कारखाना काढला, ओटो शॉट यांनी १८८४ पासून इथं नव्या जातीच्या काचा वितळवल्या, आणि भिंग कसं असावं याचं गणित मांडलं अर्न्स्ट आबे यांनी. त्यांचं सूत्र इथं त्यांच्या स्मारकावर कोरलेलं आहे, मी रोज त्या वाटेनं जाते. हे आबे सूतगिरणीतल्या कामगाराचे चिरंजीव. वडील दिवसाला चौदा-चौदा, सोळा-सोळा तास उभ्यानं काम करायचे. लहानपणी दुपारचं जेवण घेऊन हे जायचे, आणि वडील यंत्राला टेकूनच ते खायचे आणि भांडं परत द्यायचे. पुढं कारखाना हाती आल्यावर आबे यांनी १९०० साली कामाचा दिवस आठ तासांचा केला. हे वाचलं त्या दिवशी मी तशीच बसून राहिले. शाळेतून आल्यावर मी डबा घेऊन यायची, तुम्ही माग बंद न करता एका हातानं भाकरी खायचात, आणि तुमची नजर ताण्यावरच असायची. डबा परत घेताना तुम्ही "अभ्यास कर जा" एवढंच म्हणायचात, आणि त्या खडखडाटात ते मला तुमच्या ओठांवरून कळायचं.

तीच नजर आता तुटलेला धागा बघत नाही, असं महेश म्हणतो. तुम्ही हातानं चाचपून शोधता, कापडात दोनदा चिरा गेल्या. मला तुम्ही सांगितलं नाहीत. महेशवर रागावू नका, मीच त्याला खोदून विचारलं.

अप्पा, मोतीबिंदू म्हणजे डोळ्याला फोड किंवा पडदा नव्हे. डोळ्यात जन्मतः एक भिंग असतं, आणि ते स्वच्छ राहतं कारण त्यातली प्रथिनं नीट दाटीनं बसलेली असतात. वयानं त्यांच्या गुठळ्या होतात, मग प्रकाश सरळ न जाता विखुरतो. रात्री स्कूटरच्या दिव्याभोवती तुम्हाला वलय दिसतं, ते त्याच विखुरण्याचं. माझ्या काचेत असं झालं तर मी ते सूत बाजूला टाकते. तुमचं भिंग काढून दुसरं बसवता येतं. १९४९ मध्ये लंडनला हॅरॉल्ड रिडली यांनी पहिल्यांदा बसवलं. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या ॲक्रिलिकचे तुकडे घुसले होते आणि डोळ्यानं ते निमूट सोसले, हे त्यांनी पाहिलं होतं. आता दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून घडी केलेलं भिंग आत सरकवतात, ते आत उलगडतं, आणि बहुतेक माणसं त्याच दिवशी घरी येतात. वरच्या गल्लीतल्या काकांचं बिघडलं हे मला माहीत आहे, तुम्ही दर वेळी तेच काढता. त्यांनी किती वर्षं अंगावर काढलं होतं तेही आठवा. तुम्ही डॉक्टरांना भेटा, जे विचारायचं ते विचारा. वाटलं तर मी फोनवर असेन, रात्र असली तरी.

माझ्या टेबलावर कॅल्साइटचा एक खडा आहे, बर्फाच्या खड्यासारखा, तिरक्या कडांचा. तो अक्षरांवर ठेवला की प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं, कारण आत शिरल्यावर प्रकाशाचे दोन भाग होतात आणि दोघांची वाट वेगळी. १६६९ मध्ये बार्थोलिन नावाच्या डॅनिश माणसानं हे पहिल्यांदा लिहून ठेवलं. खडा फिरवला की एक अक्षर जागचं हलत नाही आणि दुसरं त्याच्याभोवती फिरतं. गेल्या आठवड्यात मी तो आईच्या जुन्या चिठ्ठीवर ठेवला होता. "कधी येणार" हे दोनदा दिसलं.

म्हणून आता सांगते. महेशकडून जन्मदाखल्याची प्रत मागवली ती कशासाठी, हे मी सांगितलं नव्हतं. पासपोर्टवर बेळगाव आहे आणि इतर कागदांवर बेळगावी, इथल्या खिडकीवरच्या बाईंना दोन गावं वाटली. २०१४ मध्ये नाव बदललं, गाव एकच, हे समजावून सांगायला सकाळ गेली. तो कागद राहण्याचा परवाना वाढवायला लागत होता. माझं काम दोन वर्षांनी वाढलंय. सही करून तीन आठवडे झाले. तीन आठवडे रोज फोनवर बोलत होते आणि सांगत नव्हते, त्याचं मला फार वाईट वाटतं. आई, मोठ्यानं रडू नकोस, आज्जीला कळेल. तिला मी स्वतः सांगेन.

निपाणीच्या मंडळींना थांबवून ठेवू नका. मुलगा चांगला आहे, माझ्याशी सरळ बोलला, मीही सरळ बोलले. दोन वर्षं थांबा म्हणण्याचा मला हक्क नाही. मामांना अवघडल्यासारखं होईल, त्यांना मी वेगळी चिठ्ठी लिहिते.

या महिन्यात साठ हजार पाठवलेत. त्यातले वीस डोळ्याचे, ते दुसरीकडं जाऊ देऊ नका. माझ्या शिक्षणाच्या कर्जाचा शेवटचा हप्ता मार्चमध्ये संपेल, मग पतसंस्थेतले दागिने सोडवा. पाटल्या आईच्या हातात बघायच्यात मला. महेशच्या लग्नासाठी कर्ज काढू नका आणि मांडवासाठी माग तर अजिबात विकायचा नाही, चौथाही नाही. हॉलचे पैसे मी देईन. नवरीकडच्यांना काही मागू नका, एवढं माझं ऐका.

लग्न वैशाखात आहे. सुट्टी लिहून दिली आहे, मंजूरही झाली. हळदीच्या चार दिवस आधी दारात असेन. अप्पांनी तोवर डोळा करून घेतलेला असावा, म्हणजे मी आणते ते सूत त्यांना उजेडात धरून दाखवता येईल. एक वीतभर तुकडा बाजूला काढून ठेवलाय, टोकाला दिवा लावला की दुसऱ्या टोकाला ठिपका पेटतो.

आई, पुण्याला जाऊन मी "येते, जाते" म्हणायला शिकले आणि आपल्या बायकांसारखं "येतो" विसरले, असं तू म्हणतेस. विसरले नाही.

येतो.

तुमची,
मनू