जपानबाहेर न पडलेले टेट्रिस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टेट्रिसविषयी आपल्याकडे जे छापून येते ते बहुधा 1984 साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी केलेल्या निर्मितीपासून सुरू होते आणि 1989 च्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रापाशी थांबते. नव्वदच्या दशकात ‘ब्रिक गेम’वर वाढलेल्या आमच्या पिढीलाही या खेळाने जपानमध्ये पुढे गाठलेली उंची ठाऊक नाही, म्हणून हे पत्र.

अरिका या कंपनीने 1998 मध्ये ‘टेट्रिस द ग्रँड मास्टर’ हा खेळ जपानी गेम सेंटरांसाठी, म्हणजे नाणे टाकून यंत्रावर खेळायच्या दालनांसाठी, काढला. त्यात पातळी 500 नंतर ठोकळा पडताना दिसतच नाही. तो थेट ढिगावर टेकलेलाच प्रकटतो आणि जेमतेम अर्ध्या सेकंदात त्याला सरकवून, फिरवून जागी बसवावे लागते. नुसती बोटांची चपळाई येथे कामाची नाही, कारण ठोकळा घरंगळत हव्या त्या खाचेत जावा यासाठी ढीग मध्यभागी उंच आणि कडेला उतरता राखावा लागतो, तोही पुढच्या ठोकळ्यावर नजर ठेवून. 2000 सालच्या दुसऱ्या भागात, कठोर अटी पूर्ण करणाऱ्यांसमोर श्रेयनामावली सरकत असताना, बसवलेला प्रत्येक ठोकळा अदृश्य होतो आणि सारी रचना स्मरणातून चालवावी लागते. कोड्याच्या खेळात कौशल्याची इतकी निखळ कसोटी मला अन्यत्र आढळलेली नाही.

पहिला भाग डिसेंबर 2022 मध्ये आणि दुसरा 2023 मध्ये घरगुती कन्सोलवर जगभर अधिकृतपणे आला. चौथा तर 2025 मध्ये थेट संगणकासाठीच निघाला. 2005 चा तिसरा भाग मात्र आजही मूळ यंत्रातच अडकून आहे. वास्तविक तैतो कंपनीचे ते यंत्र म्हणजे आतून विंडोजवर चालणारा संगणकच असल्याने तांत्रिक अडचण फार मोठी नसावी. प्रश्न हक्क आणि परवान्यांचा दिसतो. जपानमधील गेम सेंटर कमी होत आहेत, खुद्द सेगा या नामवंत गेम कंपनीने 2022 मध्ये त्या व्यवसायातून अंग काढून घेतले, आणि वीस वर्षांच्या हार्ड डिस्क काही कायम टिकणाऱ्या नाहीत. पैसे मोजायला तयार असलेल्या परदेशी चाहत्यांना जुनी यंत्रे मिळवण्याची खटपट करावी लागते किंवा नकलांवर भागवावे लागते, हे खेदजनक आहे.

अरिका, तैतो आणि टेट्रिसचे हक्कधारक यांनी ही यंत्रे चालू आहेत तोवरच तिसऱ्या भागाची अधिकृत आवृत्ती काढावी, आणि आपल्या तंत्रज्ञानविषयक पुरवणीतही या मालिकेवर सविस्तर लेख यावा, अशी विनंती आहे.

कळावे,
आपला एक नियमित वाचक, पुणे