राहून गेलेला कडू घास

महोदय,

करोनानंतर तुटलेली माणसं जोडण्यासाठी नवे सोहळे आखावेत, अशी चर्चा अधूनमधून कानावर येते. मेणबत्त्या, दोन मिनिटं स्तब्धता, व्यासपीठावर मान्यवर. शहरात चालत असेल. आमच्या औसा-निलंगा भागात त्याने काही हलणार नाही.

मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारी नि भावकी पिठलं-भाकरी घेऊन जातात. हा कडू घास. 2021 च्या एप्रिल-मेमध्ये तो कित्येक घरी गेलाच नाही. अंत्यविधीला वीसच माणसं, काहींच्या तर दारापर्यंत देहही आला नाही. नियम सरकारचा होता, भीती सगळ्यांचीच होती. तरी 'आमच्या मातीला कुणी आलं नाही' हा सल राहिला. अजूनही अशी चुलत घरं आहेत, जी एकमेकांना लग्नपत्रिका देतात, पण पंगतीला बसत नाहीत.

किल्लारीच्या भूकंपानंतर (30 सप्टेंबर 1993) इथे नवी गावं सरळ रांगांत वसली. घरं लवकर मिळाली, शेजार जमायला वर्षं गेली. तो काही कुठल्या योजनेने जमला नाही.

म्हणून नवं शोधण्याऐवजी राहिलेलं पुरं करावं. सर्वपित्रीच्या सुमारास चार जणांनी भाकरी बांधून त्या घरी जावं, बसावं. इतक्या उशिरा कसं जायचं, ही लाज आधी सोडावी लागेल. मग येळवसला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या रानातल्या सणाला, त्याच घराला आपल्या कडब्याच्या कोपीत बोलवावं. त्या दिवशी तसंही आमंत्रण लागत नाही. वाटेवरच्या परक्यालाही हाक मारून भज्जी-आंबील वाढतात. मुस्लिम शेतकऱ्यांच्या रानातही येळवस होते. अट एकच: करोनात नवरा गेलेल्या बाईच्या हातून कोपीतल्या पांडवांची पूजा व्हावी. विधवा प्रथा बंद करण्याच्या हेरवाड (जि. कोल्हापूर) ग्रामपंचायतीच्या ठरावानंतर 2022 मध्ये या प्रथांविरुद्ध शासनाचं परिपत्रक निघालं, ते बहुतेक गावांत फायलीतच आहे.

ग्रामपंचायतीने बॅनर लावू नयेत. करोनाच्या दोन वर्षांत गेलेल्यांची नावं तेवढी ग्रामसभेत वाचावीत. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. लातूर-सोलापूरच्या दवाखान्यांत दगावलेले गावच्या नोंदवहीत सापडणार नाहीत. ती नावं आशाताईंना विचारावीत. त्यांना घरं माहीत आहेत.

– एक वाचक, ता. औसा, जि. लातूर