क्युसेक नको, मारुती सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दूरच्या एखाद्या बेटावर वादळ येऊन पूर आला की आपल्या वर्तमानपत्रांत ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते. नाशिकला गोदाकाठी दुकान असलेल्या माझ्यासारखीला मात्र त्या चार ओळी पुरत नाहीत. म्हणून पुराचे इशारे कळतील अशा भाषेत द्यावेत, हे सांगणारे हे पत्र.

जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ चक्रीवादळाने हिंदी महासागरातील रियुनियन आणि मॉरिशस ही बेटे झोडपली. आपल्याकडे तेव्हा थंडी असते. विषुववृत्ताच्या दक्षिणेला तो उन्हाळा आणि वादळांचा हंगाम. मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईत रस्त्यांचे ओढे झाले, गाड्या वाहून एकमेकींवर चढल्या. मॉरिशस आपल्याला परके नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्यांच्या मराठी पिढ्या तिथे नांदतात आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते.

या देशाची एक गोष्ट मला फार आवडते. वादळाचा इशारा तिथे १ ते ४ अशा श्रेणींत देतात. तीन म्हणजे काय आणि चार म्हणजे काय, हे तिथे घरोघरी ठाऊक आहे. कधी खिडक्या बंद करायच्या, कधी बाहेर पाऊल टाकायचे नाही, हे एका आकड्यात कळते. पण या श्रेणी आखल्या त्या वाऱ्याच्या हिशेबाने; ताशी १२० किलोमीटरचे झोत येणार की नाही, यावर. ‘बेलाल’च्या वेळी माणसे सकाळी कामाला निघालेली असताना संकट आले ते पाण्याचे. लोक संतापले आणि हवामान विभागाच्या प्रमुखांना पद सोडावे लागले. त्याआधी ३० मार्च २०१३ रोजी तर वादळही नव्हते. दोन तासांच्या आत १५२ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि ११ माणसे गेली. त्यांतली काही पोर्ट लुईच्या भुयारी मार्गात अडकली होती. माणूस बुडतो पाण्यात आणि मोजत बसतो वारा, ही चूक किती महाग पडते ते या बेटावर दिसले.

शेजारच्या रियुनियनवर जानेवारी १९६६ मध्ये ‘डेनिस’ वादळात २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला. हा जागतिक विक्रम अजून मोडलेला नाही. नाशिक शहराला इतका पाऊस मिळायला दोन वर्षांहून जास्त काळ लागतो. समुद्रावरून आलेले ओले वारे तिथल्या उंच डोंगरांवर चढतात, थंड होतात आणि सगळे पाणी तिथेच टाकतात. हे इगतपुरी-त्र्यंबकच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. आपला सह्याद्रीही तेच करतो आणि तेच पाणी पुढे नाशिकच्या वरच्या अंगाला असलेल्या गंगापूर धरणात येते. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ किनाऱ्यावर चढलेले ‘निसर्ग’ वादळही आपल्या जिल्ह्यापर्यंत येऊन गेलेच होते.

आता आपल्याकडचे. ऑगस्ट २०१६ च्या पुरात आमच्या दुकानात पाणी शिरले. सकाळपासून मोबाइलवर निरोप येत होते, गंगापूरमधून इतके हजार क्युसेक सोडले, आता इतके वाढवले. दुकानातला मुलगा मला विचारत होता, “काकू, म्हणजे किती?” मला सांगता येईना. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर, हे मी नंतर शोधून काढले. म्हणजे दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला दोन लाख ८० हजार लिटर. हे कळूनही माझ्या उंबऱ्याला पाणी लागेल की नाही, ते कळत नाहीच. माझे सासरे मात्र छत्री घेऊन घाटावर, नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे गेले आणि परत येऊन एवढेच म्हणाले, “मारुतीच्या कमरेला लागलंय, खालचा माल वर घ्या.” त्यांनी १९६९ चा महापूर पाहिला होता. त्यांच्या त्या एका वाक्याने आमची निम्मी पितळी भांडी वाचली.

दुतोंड्या मारुती ही नाशिकची पूर मोजायची पट्टी आहे. पाय बुडाले, कंबर, छाती, गळा. नाशिककराला यापुढे काही विचारावे लागत नाही. काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेला पाणी लागले, तर काय समजायचे तेही जुन्या माणसांना माहीत आहे. मग सरकारी इशाऱ्यात ही भाषा का येत नाही? धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा जरूर द्या, पण त्यापुढे लिहा: संध्याकाळपर्यंत मारुतीच्या छातीपर्यंत पाणी येण्याची शक्यता, भांडी बाजार आणि सराफ बाजारातल्यांनी माल हलवावा.

आणि मॉरिशसची चूक आपणही करतोच आहोत. आपले सगळे लक्ष धरणाच्या दरवाजांवर. धरणाच्या खाली शहरात कोसळणारा पाऊस, गोदावरीला मिळणाऱ्या नासर्डी आणि वाघाडी, सराफ बाजाराखालून जाणारा सरस्वती नाला, यांचे पाणी त्या क्युसेकच्या आकड्यात धरलेलेच नसते. गोदावरी शांत असताना सराफ बाजारात गुडघाभर पाणी आम्ही पाहिले आहे. त्या दिवशी इशारा नव्हता, कारण धरणातून काही सोडलेलेच नव्हते.

२०२७ मध्ये सिंहस्थ कुंभमेळा आहे, पर्वण्या म्हणजे मुख्य स्नानाचे दिवस ऐन पावसाळ्यात आहेत. बाहेरून येणाऱ्या लाखो भाविकांना ना क्युसेक माहीत, ना मारुतीची कंबर. त्यांच्यासाठी रामकुंडाच्या आसपास रंगाचे पट्टे मारा, भोंग्यावरून मराठी-हिंदीत साध्या शब्दांत सांगा, नाल्यांवर पाऊस मोजणारी माणसे किंवा यंत्रे बसवा. प्रशासनाला मी हे दोन वेळा लेखी कळवले, पोच मिळाली, पुढे काही झाले नाही.

आपल्या वृत्तपत्राला मात्र एक गोष्ट लगेच करता येईल. यंदा पाऊस सुरू होण्याआधी जाणकारांना विचारून एक छोटा तक्ता छापा: किती पाणी सोडले की मारुती कुठवर बुडतो आणि कोणत्या गल्लीत पाणी शिरते. आम्ही तो कापून दुकानात लावू. २०१६ चे पाणी कुठवर आले होते, त्याची रेघ आमच्या भिंतीवर सासऱ्यांनी खडूने ओढली होती, ती मी रंगाने पक्की करून ठेवली आहे. तक्ता करणाऱ्यांना मोजायची असेल तर दुकान सकाळी दहापासून उघडे असते.

आपली नम्र,
एक दुकानदार वाचक,
भांडी बाजार, नाशिक