छत्रीवर छत्री

तीर्थरूप बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार.

बाबा, मी राहते त्या जहाजी डब्यावर, म्हणजे कंटेनरवर, छप्पर घातल्याचं सांगितलं तेव्हा परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "डबा मुळातच लोखंडी, वरून बंद. त्यावर आणखी छप्पर म्हणजे छत्रीवर छत्री झाली की!" मी उत्तर द्यायला लागले, तुम्हाला ऐकू येईना, मी आवाज चढवला, आणि मागून आई म्हणाली, "भांडू नका रे दोघं." आम्ही भांडत नव्हतो, आई. हल्ली आमचं बोलणंच तसं होतं. म्हणून लिहायला बसले. आकडे बाबांसाठी आहेत, तू ते गाळून वाचलेस तरी चालेल.

तर डब्याला स्वतःची छत्री आहे, पण ती माझ्यासाठी केलेली नाही. माल्कम मॅकलीन नावाच्या ट्रकवाल्याने २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' जहाजावरून ५८ डबे अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनला नेले, तिथून या डब्यांची गोष्ट सुरू होते. माल उतरवायचा नाही, डबाच्या डबा उचलायचा आणि एकावर एक रचायचा. रचायचा म्हटल्यावर वरच्याचा भार खालच्याच्या छतावर येईल असं आपल्याला वाटतं, पण तो येतो फक्त चार कोपऱ्यांवर. तिथे ओतीव पोलादाचे ठोकळे असतात, १७८ बाय १६२ बाय ११८ मिलिमीटरचे, आणि त्यांच्याखाली चार उभे खांब. माझ्या डब्याच्या दारावर जी पाटी आहे, तिच्यावर वर रचता येणारं वजन १,९२,००० किलो लिहिलंय. वाचून मला गर्व झाला होता. मग कळलं, तो आकडा कोपऱ्यांचा. मधला छताचा पत्रा जेमतेम दोन मिलिमीटर जाड. त्याची चाचणी घेतात ती ६०० बाय ३०० मिलिमीटरच्या जागेवर ३०० किलो ठेवून, म्हणजे तीन-चार माणसं खेटून उभी राहिल्यासारखं. माल पोचेपर्यंत तो भिजू नये एवढंच त्या पत्र्याचं काम.

हे मला आधी कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. पहिल्या वर्षी रंग मारायला वर चढले आणि सरळ मधून चालत गेले. पायाखाली "टुम्म" असा आवाज झाला आणि पत्रा खाली बसला तो बसलाच. ताटाएवढा पोचा. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी त्यात पाणी. डब्याचं लोखंड गंजरोधक जातीचं असतं, कॉर्टेन म्हणतात. त्यात तांबं, क्रोमियम थोडंथोडं घातलेलं असतं आणि वर गंजाचा जो पातळ थर धरतो तोच आतल्या लोखंडाला राखतो. पण तो थर नीट धरायला पत्रा भिजावा लागतो तसाच वाळावाही लागतो. साचलेल्या पाण्याखाली तो वाळणार कधी? त्या पोच्यात वर्षभरात पापुद्रे सुटायला लागले. मी खरवडायचे, प्रायमर मारायचे, पुन्हा पुढच्या पावसानंतर तेच.

दुसरी गोष्ट आईला सांगितली नव्हती, आता सांगते. पहाटे उशीवर थेंब पडायचे. मला वाटलं, गळतंय. वर जाऊन भोकं शोधली, सील लावलं. मग एका रात्री पाऊस नव्हताच, आभाळ निरभ्र होतं, आणि पहाटे पुन्हा टप. तो डब्याचा घाम होता. मोकळ्या आभाळाखाली पत्रा रात्री भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो, आणि माझ्या श्वासाची, न्हाणीतली वाफ त्याला जाऊन चिकटते. आतून फोम लावला होता, पण वरच्या कडेचा लोखंडी पट्टा उघडाच राहिला होता, नेमका उशीच्या वर. तो पट्टा झाकला आणि न्हाणीत वाफ बाहेर ओढणारा पंखा बसवला, तेव्हा थेंब थांबले. छप्पर घातलं म्हणून घाम थांबला असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. छपराने पत्र्याला आभाळापासून आडोसा मिळतो एवढंच.

तरी छप्पर घालायचं ठरवलं, कारण ऊन, पाऊस आणि तो पोचा या तिन्हींवर एकच उपाय दिसत होता. डब्याला नव्या छताचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही, मध्ये वारा खेळता ठेवायचा.

पहिला माणूस आला तो वेल्डिंग मशीन घेऊनच. मी बाजारात गेले तेवढ्यात त्याने छताच्या मधोमध पत्र्यावरच चार पाय उभे करून टाके मारले. "मजबूत आहे ताई, डबा आहे हा, जहाजावरचा." खाली आतल्या बाजूला फोम आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. घरात शिरले तर करपल्याचा वास. छताचं पॅनेल काढलं, चार जागी फोम जळून काळा झाला होता. आणखी थोडा वेळ टाका चालला असता तर पेट घेतला असता. आतला रंग उडाला होता तो वेगळाच, म्हणजे चार नवीन गंजाच्या जागा. पाय कापून, घासून, ठिगळं मारून पुन्हा रंगवायला आठवडा गेला. त्या रात्री तुम्हाला फोन करणार होते, बाबा. केला नाही. तुम्ही "पाय पत्र्यावर?" एवढंच म्हणाला असता आणि ते मला सहन झालं नसतं.

मग रचना पुन्हा काढली. चार कोपऱ्यांच्या ठोकळ्यांवर चार बुटके खांब, ठोकळ्याच्या भोकांतून प्लेट आणि बोल्ट टाकून आवळलेले. डब्यावर वेल्डिंग अजिबात नाही. त्या खांबांवर लांबीच्या दोन जाळीदार तुळया, त्यांवर आडवे वासे, वाशांवर पर्लिन, म्हणजे पत्रा धरणाऱ्या पट्ट्या, मग पत्रा. एकपाखी छप्पर, दहा अंशांचा उतार, मागून पुढे. पुढे डब्याच्या आणि छपराच्या मध्ये फूटभर फट, मागे जवळजवळ अडीच फूट. मधली हवा तापली की उताराने वर सरकते आणि मागच्या बाजूने निघून जाते. दोन्हीकडे जाळी ठोकली आहे, नाहीतर पाखरांनी ती जागा आपलीच मानली असती. तुळयांची एका टोकाची भोकं लांबट ठेवली. सहा मीटर लोखंड चाळीस अंशांच्या फरकाने सुमारे तीन मिलिमीटर वाढतं, त्याला सरकायला वाव हवा.

आता तुमचा प्रश्न, "वजन किती येईल?" बाबा, तुम्ही तीस वर्षं स्लॅब भरलेत, म्हणून हाच प्रश्न तुमच्या तोंडी आधी येणार. तुमच्या चार इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला अडीचशे किलो. माझं सगळं छप्पर चौतीस चौरस मीटर, आणि सांगाडा-पत्रा मिळून चारशे किलोच्या आसपास. कोपऱ्यांना ते जाणवणारसुद्धा नाही. मीही तिथेच निश्चिंत झाले होते. दुसऱ्या फॅब्रिकेटरने, म्हणजे लोखंडी सांगाडा करणाऱ्याने, मला उलटं विचारलं, "खाली येणाऱ्या वजनाचं सोडा, वर जाणाऱ्याचं काय केलंत?"

स्लॅब कधी उडत नाही, पत्रा उडतो. वाऱ्याचा दाब काढायचं सोपं गणित आहे: सेकंदाला किती मीटर वेग, त्याचा वर्ग, गुणिले ०.६, म्हणजे चौरस मीटरला तेवढे न्यूटन. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. २४० न्यूटन झाले. चौतीस मीटरला, दहा न्यूटनला एक किलो धरून, ढोबळमानाने आठशे किलोची ओढ, छपराच्या वजनाच्या दुप्पट. ताशी १४४ चा वारा आला तर वेग दुप्पट, पण ओढ चौपट, सव्वातीन टन. आणि माझा रिकामा वीस फुटी डबा केवढ्याचा? सव्वादोन टनांचा. म्हणजे छप्पर डब्याला घट्ट बांधलं आणि डबा जमिनीवरच्या ठोकळ्यांवर नुसता टेकवलेला असला, तर छपराबरोबर डबाही निघायच्या बेताला येईल. डबा तोवर तसाच टेकवलेला होता, बाबा. त्यात मी दोन वर्षं झोपत होते. (आई, हे वाचून झालं असेल तर आता काळजी करू नकोस, पुढचं वाच.)

चारही कोपऱ्यांखाली खड्डे घेतले, दोन फूट बाय दोन फूट, तीन फूट खोल. सळया बांधल्या, अँकर बोल्ट ओळीत धरून काँक्रीट भरलं. काँक्रीटच्या एकेका ठोकळ्याचं वजन पाऊण टनाच्या वर जातं. डब्याचे खालचे कोपरे त्याला जखडले. जॅकने डबा एकेक कोपरा उचलून ते सगळं करावं लागलं. आधी केलं असतं तर निम्म्या मेहनतीत झालं असतं, पण आधी केलं नाही. काँक्रीट मी तुमच्यासारखंच सात दिवस ओल्या पोत्याखाली ठेवलं. फॅब्रिकेटर तिसऱ्या दिवशी खांब आवळायला आला होता, त्याला परत पाठवला. म्हणाला, "तुम्ही फार ऐकत नाही." मी म्हटलं, घराण्यातच आहे.

पत्रा मी स्वतः मारला, त्याच्या पोराला हाताशी घेऊन. स्क्रू पन्हळीच्या वरच्या उंचवट्यावर, म्हणजे पाणी वाहतं तिथे भोक नको. स्क्रूखाली रबराचा वॉशर असतो. कमी आवळला तर पाणी आत, जास्त आवळला तर रबर बाहेर फुगतो आणि उन्हात वर्षा-दोन वर्षांत चिरतो. आई, तू बटण लावायला शिकवलंस तेव्हा म्हणायचीस ना, दोरा एवढा ओढू नकोस, कापडाला चुणी पडेल. हाताला तेच लक्षात ठेवायला सांगितलं. पहिले वीस-पंचवीस बिघडले, पुढचे सगळे नीट बसले. आणि एक गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नव्हती: ड्रिलचा बारीक चुरा संध्याकाळी झाडून काढायचा. पहिल्या दिवशी थकून तसाच ठेवला. सकाळी दव पडून नव्याकोऱ्या पत्र्यावर तपकिरी ठिपक्यांची रांगोळी. ठिपके अजून आहेत, खालून दिसत नाहीत.

फरक काय पडला, तर भर दुपारी पूर्वी आतल्या छताला हात टेकवत नव्हता, आता टेकतो. घर गार झालं म्हणणार नाही. सावलीत उभ्या केलेल्या गाडीइतकं झालं. पोचा कोरडा आहे. छपराच्या कडेला पाणी झेलणाऱ्या पन्हळीला टाकी जोडली: चौतीस मीटरवर दहा मिलिमीटर पाऊस पडला की तीनशे चाळीस लिटर, त्यातलं थोडं इकडेतिकडे जातं. पहिल्या सरीचं पाणी सोडून देते, पत्र्यावरची धूळ त्यात येते.

आणि आवाज. आई, पहिल्या पावसात तू फोन केलास, मी "हॅलो हॅलो" करत होते आणि तुला नुसती खडखड ऐकू येत होती. तू ठेवून दिलास आणि दुसऱ्या दिवशी म्हणालीस, बोलायचं नव्हतं तर सांगायचंस. आवाज आताही होतो, वरच्या पत्र्यावर होतो. पण मध्ये हवा आहे, खाली फोम आहे, तो कानावर आदळत नाही. पुढच्या पावसात फोन कर. मी बोलेन, तू ऐक.

छप्पर डब्याच्या पुढे सहा फूट आणलंय, तीन खांबांवर. त्याखाली ओसरी झाली आहे. डब्यात बसलं की जेमतेम पावणेआठ फुटांच्या आत सगळं उरकावं लागतं, ओसरीवर मात्र पाय पसरता येतात. जमिनीपासून ओसरी दोन पायऱ्या, प्रत्येकी सहा इंचांची, आणि डाव्या हाताला कठडा. उजव्या गुडघ्याचा विचार करून डाव्या हाताला केला, बाबा. वर चढून बघायचा हट्ट धरू नका. शिडी मी शेजारी ठेवायला देणार आहे. खुर्ची टाकून खालून बघा, वाशांची ओळ, पर्लिन, सगळं खालूनच उघडं दिसतं. छत लावून झाकलं नाही, मुद्दाम.

तीनपैकी मधल्या खांबाला ओळंब्यात चार मिलिमीटरचा फरक राहिला आहे. तुम्हाला तो आल्याआल्या दिसणार, म्हणून आधीच सांगून ठेवते.

तुमची,
मनू